फराळाच्या डब्यांना कुलूप लावू का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत):

एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी २० वर्षांची, पुण्यात मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते, डिग्रीचं शेवटचं वर्ष. दीड वर्षापूर्वी तिने डाएट सुरू केलं, वजन उतरलं, घरीदारी कौतुक झालं. मग सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे उपास वाढत गेले. आजीला नातीचा फार अभिमान आहे. गेल्या काही महिन्यांत वजन परत पहिल्याएवढं झालंय. दिवाळीला घरी आली तेव्हा दिवसभर जवळजवळ काही खायची नाही आणि रात्री सगळे झोपल्यावर शंकरपाळ्यांचा आणि लाडवांचा डबा दोन रात्रींत संपला. त्यानंतर बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून ती उलटी काढत होती. "मी दाराबाहेर उभी होते, पण दार वाजवलं नाही. तेव्हापासून मला झोप नाही." वडील म्हणतात जिभेवर ताबा नाही, लाडावून ठेवलीय. आईचे प्रश्न असे: डब्यांना कुलूप लावू का? उपास बंद कर म्हणू का, आजी दुखावतील. पुढच्या वर्षी स्थळं बघायचीत, हे बाहेर कळलं तर काय? आणि वजन तर नॉर्मल आहे, मग हा आजार कसा असेल?

ताई,

कुलूप लावू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगून टाकते, कारण तुमचं पत्र येऊन आठवडा झालाय आणि मधल्या काळात आणलं असलंत तर ते परत कपाटात ठेवून द्या. कुलूप दिसलं की पोरीला एवढंच कळणार की घरात सगळ्यांना समजलंय आणि सगळे आपल्याला चोर समजतायत. तिला आधीच स्वतःची इतकी लाज वाटतेय की रात्री नळ सोडून ती आवाज लपवते. कुलपाने तिचं खाणं थांबणार नाही, ती पुण्याला जाऊन दुकानातून पुडे आणून तेच करेल, फक्त मग दाराबाहेर उभं राहायला सुद्धा कोणी नसेल.

दार वाजवलं नाही म्हणून झोप लागत नाही असं लिहिलंयत. मी पण वाजवलं नव्हतं ताई. मी हॉस्टेलला होते तेव्हाची गोष्ट, ९२-९३ सालची. माझी रूममेट मेसमध्ये अर्धी पोळी खायची आणि आम्ही बाकीच्या "काय गं तुझा कंट्रोल!" म्हणून तिच्याकडे बघायचो, आणि रात्री कॉमन बाथरूममधून नळाचा आवाज यायचा, बराच वेळ. काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण विचारायचं काय आणि कोणत्या शब्दांत हेच माहीत नव्हतं, बुलिमिया, म्हणजे खूप खाऊन मग ते उलटी वगैरे करून काढून टाकण्याचा आजार, हा शब्दच तेव्हा मी ऐकला नव्हता. परीक्षेच्या आधी ती जिन्यात चक्कर येऊन पडली, ॲडमिट केलं, रक्तातलं पोटॅशियम खूप खाली गेलं होतं. आज ती बरी आहे, आमचं बोलणं होतं. खूप वर्षांनी तिने मला सांगितलं की तिला रोज वाटायचं आज कोणीतरी विचारेल. विचारलं असतं तर ती नक्की "नाही, पित्त झालंय" म्हणाली असती, पण तरी कोणीतरी विचारायला हवं होतं.

म्हणून हे उत्तर जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, वजन नॉर्मल आहे मग आजार कसा. आपल्या डोक्यात ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेला मानसिक आजार, म्हटलं की हाडांचा सापळा झालेली मुलगी येते. तो त्यातला एक प्रकार, ॲनोरेक्सिया. त्यात माणूस खाणं इतकं कमी करत जातो की शरीर उपाशी पडतं, तरी आरशात स्वतःला जाडच दिसत राहतो आणि वजन वाढायची भीती काही केल्या जात नाही. हे इंस्टाग्रामने आणलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, लंडनच्या विल्यम गल नावाच्या डॉक्टरांनी या आजाराला हे नाव दिलं ते १८७३ च्या सुमारास. बुलिमियाची ओळख मात्र खूप उशिरा पटली. लंडनमधल्याच जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७९ मध्ये त्यांच्या ३० पेशंटवर लेख लिहिला, तेव्हा कुठे या आजाराला नाव मिळालं. इतका उशीर का, तर याची बहुतेक माणसं दिसायला तुमच्या-आमच्यासारखी असतात. वजन नॉर्मल किंवा थोडं जास्तच, कॉलेजला जाणारी, हसणारी, अभ्यासात हुशार. एका बैठकीत खूप खाल्लं जातं, खाताना थांबताच येत नाही, आणि मग ते 'काढून टाकण्यासाठी' उलटी, जुलाबाच्या गोळ्या, मरेस्तोवर व्यायाम, किंवा दोन-दोन दिवस उपाशी राहणं. म्हणजे या आजारात वजनाचा काटा तुम्हाला काहीच सांगत नाही. तिसरा प्रकार बिंज ईटिंगचा. त्यात खाण्यावरचा ताबा तसाच सुटतो पण नंतर उलटी वगैरे नसते, नुसती शरम आणि उदासी राहते. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आणि तरी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. म्हणजे डॉक्टरांनाच कळायला इतकी वर्षं लागली, तिथे तुम्ही स्वतःला कशाला दोष देताय.

मी इथे बसून निदान करत नाहीये, ते समोर बसून डॉक्टरच करतील. पण तुम्ही जे लिहिलंय ते बुलिमियाशी बरंच जुळतं आणि ते थांबायची वाट बघण्यासारखं नाहीये.

आता तिच्या बाबांचं म्हणणं, जिभेवर ताबा नाही. मला हे वाक्य जरा उलटं करून बघायचंय, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. दीड वर्षापूर्वी सुरुवात कशी झाली? कमी खाण्यापासून. ताबा नसण्यापासून नाही, अति ताबा ठेवण्यापासून. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात आणि हसतात, पण त्यात शरीराची फार खरी गोष्ट आहे, दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून तयार झाले होते, तब्येतीने आणि मनाने ठणठणीत बघून निवडलेले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. आणि ही धडधाकट माणसं पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली, दिवसभर जेवणाचाच विचार, स्वप्नं पण जेवणाची, ताटं चाटून पुसून ठेवायची, चिडचिड, उदासी, सारखी थंडी वाजायची. प्रयोग संपल्यावर जेवण मोकळं केलं तर त्यातले काही पोट फुटेपर्यंत खायचे आणि तरी त्यांची भूक भागायची नाही. यातल्या एकालाही आधी खाण्याचा काही प्रॉब्लेम नव्हता, लाड नव्हते, रील्स नव्हते. नुसतं उपाशी ठेवल्याने हे झालं.

तुमच्या लेकीचं चक्र बहुतेक असंच फिरतंय. दिवसभर काही नाही, रात्री शरीर बंड करतं, डबा संपतो, मग भयंकर अपराधी वाटतं, उलटी, आणि सकाळी मनाशी पक्कं ठरवणं की आज काहीच खायचं नाही. तिथून परत पहिल्यापासून. आपण सगळे रात्रीचा डबा बघतो कारण तो रिकामा दिसतो, सकाळचं न खाल्लेलं ताट कोणी बघत नाही, उलट त्याचं कौतुक होतं. डबा बंद करण्यापेक्षा सकाळचा नाष्टा सुरू होणं जास्त गरजेचं आहे, आणि बुलिमियाच्या उपचारात तज्ज्ञ पण पहिलं काम हेच करून घेतात, तीन वेळचं जेवण, मधे दोन-तीन वेळा थोडं काहीतरी, तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही. ऐकायला साधं वाटतं, पण वजनाला घाबरलेल्या माणसाला ते डोंगराएवढं असतं.

उपासाबद्दल तुम्ही खूप घाबरत लिहिलंय, जणू काही तुम्ही देवाविरुद्ध काही बोलताय. तसं नाहीये. मी स्वतः आषाढी-कार्तिकी करते. पण उपास धरतात तसा तो सोडतात पण, बरोबर ना? द्वादशीला सकाळी पारणं असतं, संकष्टीला चंद्र दिसला की पान वाढलं जातं, मोदक असतो, घरात बरं वाटतं सगळ्यांना. तुमच्या मुलीचा उपास सुटतो का? चंद्रोदयाच्या वेळी ती सगळ्यांबरोबर पानावर बसते का, की "मला आता भूक नाही" म्हणून टाळते? कधी आजीच म्हणाल्या, "बाळा, परीक्षा आहे, या सोमवारी नको धरूस," तर तिला सुटल्यासारखं वाटेल की ती घाबरेल? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू हे उपासाचं पण ती खात नाही का? या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला तिच्या वागण्यातच मिळतील. मला वाटतं देवासाठी सुरू झालेले असोत नसोत, आता हे उपास आजार सांभाळायच्या कामी येतायत, आणि त्यांची सगळ्यात मोठी सोय ही की घरात कोणी त्यावर बोट ठेवू शकत नाही.

म्हणून आजींना यातून बाहेर ठेवू नका. आजी दुखावतील असं तुम्ही धरून चाललाय, पण तुम्ही त्यांना विचारलेलं कुठे आहे? आजारी माणसाला, बाळंतिणीला, लहान पोरांना आपल्याकडे उपासातून नेहमीच सूट असते आणि हे आजींना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. सगळं सांगायची गरज नाही, एवढंच सांगा की तिच्या तब्येतीची काळजी वाटतेय, डॉक्टरांना दाखवणार आहोत, तोपर्यंत उपास नको, आणि "आजी, हे तिला तुम्हीच सांगितलंत तर बरं" असं म्हणा. "तुझ्या वाटचा उपास मी धरते, तू जेव" असं आजीने म्हटलं तर ते पोरीला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त लागेल असं मला आपलं वाटतं.

आता शरीराचं सांगते, घाबरवायला नाही, पण पोटातलं सगळं बाहेर पडतं म्हणजे फक्त लाडू बाहेर पडतात असा बऱ्याच जणींचा समज असतो. उलटीबरोबर आणि जुलाबांबरोबर शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, त्यात पोटॅशियम महत्त्वाचं. हृदयाचा ठोका बारीक विजेच्या सिग्नलवर पडतो आणि त्यासाठी पोटॅशियम लागतं, ते फार खाली गेलं तर ठोके अनियमित होतात आणि अचानक जीवावर बेतू शकतं. वाईट गोष्ट ही की कधीकधी आधी काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर पायात गोळे, हातापायात त्राण नसणं, धडधड. पोटातल्या ॲसिडने दातांचं वरचं कवच झिजतं, पुढच्या वरच्या दातांच्या मागच्या बाजूने जास्त, आणि पुष्कळदा हा आजार सगळ्यात आधी डेंटिस्टच्या खुर्चीत पकडला जातो. (उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, त्याने झिज वाढते, नुसत्या पाण्याने चुळा भराव्यात. हे तिला कधीतरी सहज सांगून ठेवा.) गाल कानाच्या खालून सुजल्यासारखे दिसतात, त्या लाळेच्या ग्रंथी असतात, आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत कसली, त्यामुळे चेहरा गोल दिसतो आणि पोरगी अजून जाड झाले समजून अजून उपाशी राहते. घसा सारखा बसलेला असणं, बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूला घट्टे किंवा ओरखडे दिसणं, हेही बघा.

आणि पाळी. पत्रात तुम्ही याबद्दल काहीच लिहिलं नाहीये, विचारा तिला. शरीराला पुरेसं मिळत नसेल तर पाळी पुढेमागे होते, थांबते. पाळी थांबते म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तेही ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात. हे नुकसान नंतर कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन पूर्ण भरून निघत नाही. ॲनोरेक्सियात तर हृदयाचे ठोके मंद होतात, ब्लड प्रेशर उतरतं, केस गळतात आणि अंगावर बारीक लव येते, कारण शरीर स्वतःला गरम ठेवायची धडपड करत असतं. सगळ्या मानसिक आजारांत सर्वात जास्त मृत्यू ज्या काही मोजक्या आजारांत होतात त्यात ॲनोरेक्सिया आहे. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ मध्ये यानेच गेली, हृदय बंद पडून, वय अवघं ३२.

म्हणून सगळ्यात आधी मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसू नका, आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा एखाद्या फिजिशियनकडे जा आणि स्पष्ट सांगा की ही उलट्या काढते. हे वाक्य लपवू नका, कारण "अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं तर टॉनिक लिहून मिळेल. सिरम इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार), किडनीच्या टेस्ट, हिमोग्लोबिन, शुगर, मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि एक ईसीजी, हे बहुतेक कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी होतं. रिपोर्ट नॉर्मल आले तर देव पावला, पण त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, आज पोटॅशियम ठीक आहे एवढाच होतो. आणि चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय, उलटीत रक्त दिसलं, पाणीसुद्धा पोटात राहत नाहीये, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ आणि सायकॉलॉजिस्ट. पुण्यात ती राहतेच आहे तर तिथेच बघा, म्हणजे दर आठवड्याला जाता येईल. फोनवर विचारूनच घ्या की ईटिंग डिसऑर्डरचे पेशंट बघता का, लाजू नका. बुलिमियासाठी सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत आहे, तिचा चांगला उपयोग होतो, गरज पडली तर डॉक्टर गोळ्याही देतात आणि त्या झोपेच्या गोळ्या नसतात, गैरसमज नको. वयाने लहान मुलामुलींसाठी एक पद्धत आहे ज्यात सुरुवातीला खाण्याची सगळी जबाबदारी आई-वडील हातात घेतात आणि मूल सावरेल तशी ती त्याच्याकडे परत देतात. तुमची मुलगी २० वर्षांची आहे, तिची संमती लागेल, ओढून नेऊन हे होत नाही. डाएटिशियनकडे गेलात तर आधी सगळं सांगा, नाहीतर वजन कमी करायचा चार्ट हातात पडेल आणि आगीत तेल. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही आई म्हणून स्वतः फोन केलात तरी चालतो. हेल्थ इन्शुरन्स असेल तर तोही काढून बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं.

पण या सगळ्याच्या आधी तुम्हाला तिच्याशी बोलायचंय आणि मला माहितीये की तेच सगळ्यात अवघड आहे. जेवणाच्या ताटावर बोलू नका. बाथरूममधून बाहेर आल्या आल्या तर नाहीच. कपड्यांच्या घड्या घालताना, संध्याकाळी पाय मोकळे करायला जाताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यात बघावं लागत नाही अशा वेळी बोला. थोडकं बोला. "दिवाळीत रात्री मी बाथरूमच्या बाहेर होते. मला ऐकू आलं. मी रागावलेली नाहीये, मला काळजी वाटतेय. तुला एकटीला हे सांभाळावं लागू नये." बस. ती नाही म्हणेल. चिडेल, रडेल, "तू माझ्यावर पाळत ठेवतेस?" म्हणेल. तेव्हा पुरावे काढून वाद घालू नका, "बरं, पण मी आहे" म्हणा आणि चार-पाच दिवसांनी परत काढा विषय. डॉक्टरांकडे जायला "तुला वेड लागलंय म्हणून" नाही, "ही धडधड, हा थकवा, एकदा रक्त तपासून घेऊ" असं म्हणून नेलंत तर बऱ्याच मुली तयार होतात.

घरात वजनावर बोलणं बंद करा, तिच्याच नाही, कोणाच्याच. आपल्या आज्या "किती रोडावलीस गं" म्हणायच्या तेव्हा त्यात काळजी असायची, आता आपण "मस्त बारीक झालीस" म्हणतो आणि त्यात मार्क असतात, आणि "तब्येत सुधारलेली दिसतेय" हे तर आपण टोमणा म्हणूनच वापरतो. "आज चांगली जेवलीस" हे कौतुकसुद्धा नको, तिच्या डोक्यात त्याचा अर्थ "आज खूप जेवलीस" असा होतो. जेवण झाल्यावरचा पाऊण-एक तास सगळ्यात अवघड असतो, तेव्हा पत्ते मांडा, सिरियल लावा, मसाला सुपारी कातरत बसा, बाथरूमला कडी घालायची गरज नाही, नुसती सोबत पुरते. आणि डबे जिथे होते तिथेच राहू द्या. एखाद्या रात्री संपला तर सकाळी आवाज न करता परत भरा आणि तिला नाष्ट्याला हाक मारा.

स्थळांचं. ताई, मला तुमची काळजी समजते, गावात गोष्ट कशी फिरते ते मलाही माहितीये. पण हा आजार लपवून लग्न केलं तर तो तिच्याबरोबर सासरी जाईल, तिथेही बाथरूमला नळ असतो, आणि तिथे दाराबाहेर कोण उभं असेल हे आपल्याला माहीत नाही. डॉक्टरांकडची माहिती गुप्त ठेवण्याचा तिला कायद्याने हक्क आहे, त्यामुळे दवाखान्यात गेलं की गावभर होईल असं नाही. बरं व्हायला महिने लागतील, कधी वर्षही, मधे एखादी रात्र परत तशी येईल आणि तुम्हाला वाटेल सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. बहुतेक जणी सुधारतात, लवकर उपचार मिळाले तर जास्तच. वर्षभर "शिक्षण चालू आहे" हे उत्तर पाहुण्यांना पुरतं, आणि ते खरंच आहे.

यात तुमचं काय चुकलं, असं तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय. याची मुळं बरीच असतात. काही रक्तातून येतं, जुळ्यांच्या अभ्यासांतून ते दिसलंय. काही स्वभावातून, सगळं परफेक्टच हवं असणाऱ्या मुली यात जास्त सापडतात. आणि काही बाहेरून. फिजी बेटांवर नाद्रोगा नावाच्या भागात १९९५ साली टीव्ही पोचला, तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे सुखवस्तू अशी समजूत, आणि शाळेतली एकही मुलगी वजनासाठी उलटी काढते असं सांगत नव्हती. तीन वर्षांनी ॲन बेकर या संशोधिकेने परत विचारलं तेव्हा शंभरातल्या अकरांहून जास्त मुली काढत होत्या. अभ्यास लहान होता, पण मला तो विसरता येत नाही, कारण ते टीव्हीचं एक चॅनल होतं आणि आपल्या मुलींच्या उशाशी फोन आहे. तेव्हा एकट्या आईच्या डोक्यावर हे खापर फोडू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. मुलगे यात नाहीत असं समजू नका, जिमला जाणारा, भाताला हात न लावणारा, एक दिवस व्यायाम चुकला तर घरात आदळआपट करणारा मुलगा असेल तर त्याच्याशीही हेच बोलायचंय. चाळिशीतल्या ज्या वाचक रात्री ओट्याशी उभ्या राहून खातात आणि नंतर रडतात, त्यांच्यासाठीही उपचार आहेत, ते वेगळं डाएट नाहीये. आणि कोणी खूप दिवस खरंच उपाशी असेल, वजन फार उतरलं असेल, तर एकदम ताट भरून खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फेट (हाही एक क्षार) झपकन खाली जाऊन धोका होऊ शकतो, ते डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू वाढवावं लागतं. मी वजनाचा किंवा कॅलरीचा एकही आकडा मुद्दाम लिहिलेला नाही, वाचणाऱ्यांत कोणासाठी तरी तो आकडा टार्गेट होतो म्हणून.

राहिले तिचे बाबा. त्यांना हे पत्र वाचायला द्या, किंवा निदान मिनेसोटाच्या त्या ३६ जणांचं सांगा, पुरुषांना पुरुषांचं पटकन पटतं असा माझा अनुभव आहे. भाषण नको, एक काम द्या. पुढच्या रविवारी पुण्याला दोघं जा, फिजिशियनची वेळ शनिवारीच घेऊन ठेवा, आणि बाबांनी तिच्यासोबत बसून पोहे खायचे. किती खाल्लंस विचारायचं नाही, कॉलेजचं विचारायचं. रिपोर्ट आले की मला कळवा, काही कळलं नाही तर तेही लिहा.